ड्रायर किती मिनिटांनी बंद पडतो?

"परत बंद पडला की रे!" भर आषाढात बेळगावकडच्या खानापूरहून मावशीचा फोन आला. घरात दोन महिन्यांची नात, दिवसाला वीस-बावीस लंगोट, आणि मलप्रभा नदी उगम पावते त्या कणकुंबीच्या अंगानं आठवडाभर न थांबलेला पाऊस. पूर्वी अशा दिवसांत शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर दुपटी सुकवायची. आता त्या जागी ड्रायर आहे, आणि तोच मधेच थांबत होता.

मी एवढंच विचारलं, "सुरू केल्यावर किती मिनिटांनी थांबतो?"

"वीस-पंचवीस. लगेच बटण दाबलं तर हलत नाही. अर्ध्या तासानं दाबलं की चालू."

या उत्तरात निम्मं निदान झालं होतं. दाराचा स्विच सैल असता तर ड्रायर कधीही, धक्क्यासरशी थांबला असता. गार झाल्यावर जो पुन्हा चालतो, त्याला गरम झाल्यामुळे थांबवलेलं असतं. मोटरीच्या गुंडाळीजवळ एक छोटा उष्णतारक्षक बसवलेला असतो. त्यात दोन वेगळ्या धातूंचे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. तापल्यावर एक जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि टक् करून वीज तोडते. गार झाली की सरळ होते. जोडपट्टीची ही कल्पना अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांनी जहाजावरच्या घड्याळासाठी वापरली होती. तापमान बदललं तरी वेळ चुकू नये, हा त्यांचा हेतू होता.

म्हणजे पट्टी आपलं काम चोख करत होती. प्रश्न होता, मोटर इतकी तापते कशानं?

कपडे नुसत्या उष्णतेनं वाळत नाहीत, त्यांना वाहती हवा लागते. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती जागा आधीच जवळपास भरलेली असते, म्हणून दोरीवरचे कपडे तीन दिवस दमट राहतात. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली की सुमारे १३० ग्रॅम वाफ घेऊ शकते. ड्रायर हेच करतो: हवा तापवतो, फिरत्या कपड्यांतून नेतो आणि ओली हवा पाइपातून बाहेर टाकतो. काम मात्र जड आहे. एक लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट ते वाफ करून उडवायला लागते. ती वाफ घेऊन हवा बाहेर पडलीच नाही, तर कपडे ओले राहतात आणि उष्णता आतच कोंडते.

वाट अडवतं ते तूस. बेळगावच्या वडगाव-शहापुरात मागावर काम करणाऱ्यांना ते सांगायला नको. सुती कापडाचे बारीक तंतू घासून सुटतात आणि सापडेल तिथं बसतात. दारातली जाळी मावशी रोज साफ करत होती. पण जाळीतून निसटलेलं तूस पुढं पाइपात जातं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

व्होल्टेजही पाहायला हवं होतं. पावसात ते कधीकधी पडतं, आणि ड्रायरच्या अशा मोटरीचं बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर बळ जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होतं. ड्रम ओढायला मोटर जास्त करंट घेते आणि तापते. त्या दिवशी मीटरवर २२० दिसले, तेव्हा तो संशय फिटला.

आधी येऊन गेलेला मेकॅनिक म्हणाला होता, "फ्यूज डायरेक्ट करून देतो, मग बंद पडायचा नाही." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. हीटरजवळचा थर्मल फ्यूज म्हणजे शेवटचा पहारेकरी. मोटरीच्या पट्टीसारखा तो परत जुळत नाही. एकदा उडाला की बदलायचाच. त्याला वगळून तार जोडली की तापलेला हीटर आणि वाळलेला कापूस यांच्यामध्ये काहीच उरत नाही. बाळाच्या घरात तर हे कुणीही कधीही करू देऊ नये.

कुणाचा ड्रायर गरम न होता, कपडे दमट असतानाच "झालं" म्हणून थांबत असेल, तर कारण वेगळं. काही ड्रायरांत ड्रमजवळ धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की बारीक वीज वाहते, त्यावरून ओल कळते. कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा थर तिथं साचला की ओल कळेनाशी होते. प्लग काढून, व्हिनेगरच्या फडक्यानं पुसलं की बहुधा भागतं. पाणी टाकीत साठवणारा ड्रायर असेल तर आधी टाकी रिकामी करून बघावी.

आम्ही प्लग काढला आणि ड्रायर भिंतीपासून ओढला. मागचा पाइप भिंतीला दबून चपटा झाला होता, मधे झोळ पडला होता. झोळात वाफेचं पाणी साचलं होतं आणि त्यात भिजलेलं तूस. हात घातला तर राखाडी, ओला, गोधडीच्या आतल्या चिंध्यांसारखा लगदा निघाला, पसाभर तरी. पाइप धुतला, वाळवला, कापून आखूड केला, सरळ बसवला आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडली.

ड्रायर लावून मावशी घड्याळासमोर उभी राहिली. वीस झाली, पंचवीस झाली, तीस झाली. बाहेरच्या झडपेतून पांढरी वाफ जोरात पावसात मिसळत होती.

"जा, पुढचा घाणा घेऊन ये," ती लेकीला म्हणाली.