पाथरीचं दूध

बांधावरची पाथरी ही रानभाजी जमिनीला चिकटून पसरते. पान खुडलं की देठातून पांढरा चीक येतो आणि बोटं चिकट होतात. आजोळी, सोलापूरकडे, ही पाथरी आम्ही कच्चीच खायचो. भाकरी, कांदा आणि तिखट-तेल सोबतीला. पुढे बऱ्याच वर्षांनी बाजारातून लेट्यूसचा गड्डा आणला, बुडाशी कापला, तर तिथेही तोच पांढरा चीक! दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या. लेट्यूसच्या शास्त्रीय नावातलं 'लॅक्टुका' हे तर लॅटिनमधल्या दुधाच्या शब्दावरूनच आलं आहे.

हा चीक म्हणजे झाडाची राखण. पान कुरतडणाऱ्या किड्याचं तोंड त्याने चिकटतं, शिवाय लेट्यूसच्या चिकात लॅक्टुसिनसारखी कडू द्रव्यं असतात. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की लेट्यूसला फुलाचा दांडा सुटतो आणि पानं कडू होत जातात. म्हणून आपल्याकडे लेट्यूस खावा तो थंडीत. घेताना गड्डा मधूनच उंच झालेला दिसला तर सरळ बाजूला ठेवावा. लेट्यूसच्या प्रकारांत आइसबर्ग सगळ्यात सौम्य, पण त्याला कुरकुरीतपणापलीकडे फारशी चव नाही. मला लांब पानांचा रोमेन आवडतो. त्याच्या मधल्या शिरेला किंचित कडवटपणा असतो, आणि जेवणात तेवढा कडू हवाच.

मुळ्याचा पाला, मोहरीची कोवळी पानं आणि हल्ली मिळणारा रॉकेट (अरुगुला) या मोहरीच्या कुळातल्या पानांचा झणका मात्र वेगळ्या वाटेने येतो. अख्ख्या पानात तो नसतोच. ग्लुकोसिनोलेट नावाचं द्रव्य आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) पेशींमध्ये वेगवेगळं साठवलेलं असतं. आपण पान चिरतो किंवा चावतो तेव्हा दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारा तिखटपणा तयार होतो. म्हणून ही पानं आयत्या वेळी चिरावीत.

घरातलं एखादं मूल असा पाला तोंडात घेताच थुंकतं. त्याला हट्टी म्हणण्याआधी थांबावं. 1931 साली आर्थर फॉक्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक भुकटी उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती कडूजहर लागली, फॉक्सना काहीच चव लागली नाही. पुढे कळलं की हा फरक जनुकातून येतो, आणि मोहरीच्या कुळातल्या भाज्या कोणाला किती कडू लागतात याच्याशीही त्याचा संबंध आहे. त्या मुलाच्या जिभेला खरोखरच जास्त कडू लागत असेल.

आंबट पानांत माझा जीव घोळीवर आहे. कुंडीत, फरशीच्या फटीत, कुठेही उगवते. देठ लालसर, पानं मांसल. पाण्याची ओढ बसली की ही वनस्पती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते, रात्री उघडते आणि आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. दिवसभर उन्हात ते आम्ल खर्ची पडतं. म्हणजे पाण्यावाचून तग धरलेली घोळ पहाटे खुडली तर आंबट आणि संध्याकाळी खुडली तर सौम्य! घरी कुंडी असेल तर दोन्ही वेळची पानं शेजारी ठेवून चाखून पाहा. घोळीत ओमेगा-3 वर्गातलं स्निग्धाम्लही असतं, पालेभाजीच्या मानाने चांगलंच. मात्र ऑक्सॅलिक आम्लही भरपूर असतं, त्यामुळे मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेतानेच खावी.

या सगळ्यांना एकत्र आणणारी आपली रीत म्हणजे घोळाणा. कोवळी मेथी, पाथरी किंवा कांद्याची पात बारीक चिरायची. त्यात कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. यातलं तेल नुसतं चवीपुरतं नाही. पालेभाजीतली कॅरोटिनॉइड द्रव्यं (यांतल्या काहींपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) पाण्यात विरघळत नाहीत, त्यांना स्निग्धाचा आधार लागतो. 2004 साली अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना तेल घातलेलं आणि बिनतेलाचं सॅलड खायला देऊन त्यांचं रक्त तपासलं. बिनतेलाच्या सॅलडमधून ही द्रव्यं रक्तात जवळपास उतरलीच नाहीत. वजनाच्या धास्तीने जे तेल आपण पहिल्यांदा गाळतो, त्याच्याशिवाय पानातला हा ऐवज वाया जातो.

मिठाचं मात्र उलट. मीठ पानाच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढतं आणि कुरकुरीत पान दहा-पंधरा मिनिटांत लोळागोळा होतं. तेव्हा आधी पानं दोन-तीन पाण्यांत नीट धुवावीत, मलूल असतील तर थोडा वेळ थंड पाण्यात बुडवावीत. पेशी पाणी पिऊन पुन्हा ताठ होतात. मग निथळून कोरडी करून तेल आणि कूट लावावं. मीठ सगळ्यात शेवटी, ताटं वाढल्यावर, भाकरी तव्यावरून उतरली की.