लाल डबा रिकामा का असतो?

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही मशीन शॉपमध्ये शिरलात की एक लाल डबा दिसतो. रिजेक्ट झालेले जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेले पण मापात न बसलेले भाग, त्यात टाकायचे असतात. शेजारच्या फळ्यावर आजचं उत्पादन आणि आजचं रिजेक्शन लिहिलेलं असतं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शॉपमधला हा डबा बहुतेक वेळा रिकामा असायचा आणि आमचे साहेब आल्यागेल्या पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवायचे. मशीनच्या मागे, कूलंटच्या टाकीजवळ, गोणपाटाखाली मात्र वेगळाच ढीग साठलेला असायचा. तो भंगाराच्या गाडीत कधी चढतो हे शॉपमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, साहेब सोडून.

त्या ढिगात माझाही हातभार होता. एकदा पंपाच्या बुशचं, म्हणजे नळीसारख्या छोट्या भागाचं, भोक वीस मायक्रॉन मोठं पडत होतं. वीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पाव हिस्सा. मला ते गेजवर, म्हणजे माप तपासायच्या उपकरणावर, स्पष्ट दिसलं होतं. दुपारचे अडीच वाजले होते, साडेतीनला शिफ्ट सुटणार होती. आदल्याच आठवड्यात, सेटिंग बिघडलंय असं सांगायला गेलेल्या ऑपरेटरला सगळ्यांदेखत ‘डोळे घरी ठेवून येतोस का?’ असं ऐकावं लागलं होतं. मी गप्प बसलो. चारशे बुश पुण्याला गेले आणि चारशेच्या चारशे परत आले. येण्याजाण्याचं भाडं आमच्याच माथी.

पुढे बरीच वर्षं मला वाटत होतं, की मी तेव्हा भित्रा होतो, बस्स. मग एका अमेरिकी संशोधनाबद्दल वाचनात आलं आणि प्रकरण निराळंच निघालं.

एमी एडमंडसन या संशोधिका १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासत होत्या. चुकीचा डोस, चुकीची वेळ, चुकीचा रुग्ण, असल्या चुका. त्यांचा अंदाज कुणीही बांधेल तसाच होता: ज्या वॉर्डात डॉक्टर-परिचारिकांचं चांगलं जमतं, तिथे चुका कमी. आकडे हाती आले ते नेमके उलटे. ज्या वॉर्डांत गट चांगला, तिथेच चुकांची नोंद जास्त! चांगली टीम जास्त चुका करते, असं म्हणायचं का? एडमंडसन यांना वेगळी शंका आली: चुका जास्त होत नसतील, त्या सांगितल्या जास्त जात असतील. मग यातलं काहीच माहीत नसलेल्या एका सहायकाला त्यांनी वॉर्डांमध्ये पाठवलं, नुसतं पाहायला आणि बोलायला. कुठे लोक मोकळेपणानं बोलतात आणि कुठे मान खाली घालून काम करतात, याची जी क्रमवारी त्यानं लावली ती नोंदलेल्या चुकांच्या क्रमवारीशी जवळजवळ जुळली.

हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वॉर्ड मोजके आठ होते, म्हणून एवढ्यावर विसंबणं घाईचं झालं असतं. पण १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतले ५१ गट तपासले आणि या गोष्टीला जे नाव दिलं त्याचं मराठी ‘मानसिक सुरक्षितता’ असं करता येईल. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘साहेब, माझ्याकडून चुकलं’ किंवा ‘मला हे जमत नाही, दाखवा’ असं म्हटल्यावर आपली शोभा होणार नाही, ही खात्री. ज्या गटांत ही खात्री होती ते जास्त शिकत होते आणि जे शिकत होते त्यांचं काम सरस होत होतं.

इथे एक गैरसमज हमखास होतो. मोकळेपणा म्हणजे लाड, असं अनेक मालकांना वाटतं. तसं नाही. मोकळेपणा आहे पण कामाची अपेक्षाच नाही, अशा ठिकाणी लोक चहा पीत बसतात. अपेक्षा ढीगभर आणि मोकळेपणा शून्य, तिथे गोणपाटाखाली ढीग साठतो.

माणूस गप्प का बसतो, याचं गणित साधं आहे. बोललो तर तोटा आत्ता, नक्की आणि माझा. बोलल्याचा फायदा पुढे कधीतरी, झाला तर, आणि तोही दुसऱ्याचा. असा हिशोब समोर असताना गप्प बसणं हा भित्रेपणा नव्हे, व्यवहार आहे. म्हणूनच ‘धीट व्हा, बोलते व्हा’ अशी पोस्टर्स चिकटवून काही होत नाही. हिशोबातला तोटा कमी करावा लागतो.

हा हिशोब किती महागात पडू शकतो हे विमान क्षेत्राला २७ मार्च १९७७ रोजी कळलं. (ओझरला विमानं बनतात, तेव्हा नाशिककरांना हे उदाहरण परकं वाटू नये.) टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. डच जंबो विमानाच्या कॅप्टननं परवानगी मिळालेली नसताना उड्डाणासाठी वेग घेतला. दुसरं जंबो अजून धावपट्टीवरच होतं. डच विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्यानं विचारलंही, की ते विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा माणूस. त्यानं ठामपणे सांगितलं, झालंय. इंजिनिअर पुन्हा बोलला नाही. ५८३ माणसं गेली. आजही हा विमानवाहतुकीतला सर्वांत भीषण अपघात मानला जातो. त्यानंतर कनिष्ठानं शंका कशी लावून धरायची आणि वरिष्ठानं ती कशी ऐकायची, हा वैमानिकांच्या प्रशिक्षणाचाच भाग झाला.

नाशकात यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘ते तिकडं चालतं हो, आपली माणसंच तशी नाहीत.’ या उत्तराला माझ्याकडे एकच जबाब आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, खराब गाड्या यांसाठी तो बदनाम होता आणि १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक तेच, युनियन तीच. बदलली ती पद्धत. गाड्या जोडण्याच्या लाइनवर दोरी होती. काही खटकलं की कुणीही ती ओढायची, टीम लीडर धावत येणार, प्रश्न तिथे सुटला नाही तर लाइन थांबणार. गैरहजेरी घसरली आणि गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्यांच्या तोडीला पोचला. माणसं तीच होती!

दोरीपेक्षाही महत्त्वाचं, धावत आलेला लीडर काय विचारतो. ‘कुणी केलं?’ की ‘काय दिसलं?’ आपल्याकडे द्राक्षाच्या निर्यातीत हे एका परीनं आधीच रुजलंय. परदेशी निघालेल्या पेटीवरच्या क्रमांकावरून ती कुठल्या बागेतून आली इथपर्यंत माग काढता येतो. बिघाड नेमका कुठे झाला हे कळलं तरच तो दुरुस्त होतो. शॉपमध्ये मात्र आपण ‘कुठे’ शोधायचं सोडून ‘कोण’ शोधत बसतो.

आता शरीराचं बघू. ‘साहेबाला टेन्शन जास्त, म्हणून साहेबाला अटॅक’ ही समजूत घट्ट आहे. लंडनमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल या नावानं तो ओळखला जातो. सुमारे १८ हजार पुरुष कर्मचारी, सगळे पगारी, सगळे टेबलाशी किंवा दाराशी काम करणारे. निघालं असं, की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या शिपाई-दरवानांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होतं. धूम्रपान, रक्तदाब वगैरे वजा करूनही निम्म्याहून जास्त फरक उरतच होता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात बायकाही होत्या. त्यात एक धागा हाती लागला: आपल्या कामावर आपला किती ताबा आहे. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकांनी १९७९ मध्येच मांडलं होतं, की कामाचा नुसता बोजा तितका घातक नसतो. बोजा भरपूर आणि ठरवायचा अधिकार शून्य, ही जोडी घातक.

पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पॅकहाउसमध्ये कात्री घेऊन घडातले खराब मणी काढणाऱ्या बायका पाहिल्या की हे लगेच समजतं. काम तेच, वेगही तोच. पण कुणाशेजारी बसायचं, पाणी प्यायला कधी उठायचं, एवढंसं ज्यांच्या हातात आहे त्यांचा दिवस वेगळा जातो. ताण आला की शरीर कॉर्टिसोल हे संप्रेरक सोडतं, नाडी वाढते, साखर रक्तात येते. धोका टळला की सगळं पूर्ववत व्हायला हवं. आपल्या हातात काहीच नाही असं रोज वाटत राहिलं, तर धोका टळल्याचा निरोप शरीराला मिळतच नाही.

आणि व्यक्तिगत यश? तेही मला याच धाग्यावर दिसतं. टेरेसा अमाबिले या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३८ जणांकडून रोजच्या कामाच्या डायऱ्या लिहून घेतल्या, जवळपास १२ हजार नोंदी. लोकांचे चांगले दिवस कोणते निघाले? बक्षिसाचे नव्हे, तर अर्थ वाटणारं काम थोडंसं पुढे सरकलं ते दिवस. पण काम पुढे सरकवायचं तर ते कुठे अडलंय हे आधी कबूल करावं लागतं. माझ्या बरोबरीनं लागलेले जे दोघं-तिघं पुढे स्वतःची युनिट चालवू लागले ते आमच्यात हुशार होतेच असं नाही. ते बिनदिक्कत विचारायचे. ‘मामा, ही टूल दोन तासांत का जाते हो?’ आणि मशीन लावून देणारा म्हातारा सेटर हातातला चहा ठेवून त्यांना दाखवायचा.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मित्राच्या युनिटवर गेलो होतो. आयटीआय करून नुकतीच लागलेली एक मुलगी सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, होती. तिनं मशीन थांबवलं आणि हात वर केला. सुपरवायझर आला.

‘काय दिसलं, ताई?’

‘माप वाढतंय, सर.’

त्यानं गेज हातात घेतलं, टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसला, पुन्हा मापलं. त्या जॉबचं माप बरोबर होतं. दहा मिनिटं मशीन फुकट बंद राहिलं होतं. मुलगी ओशाळली.

‘थांबवलंस ते बरं केलंस,’ तो म्हणाला. मग त्यानं गेजशेजारी पुसायला एक फडकं बांधून ठेवलं आणि गेला.

साडेतीनला शिफ्ट सुटली तेव्हा मी सवयीनं लाल डब्यात डोकावलो. तीन जॉब होते. फळ्यावरही तीनच लिहिले होते.