पट्टा काढून बघा

खडकवासला धरणातून पाणी सोडलं, पुण्यातला भिडे पूल बुडाला, की माझी पहाटेची सिंहगड पायथ्याची सायकलफेरी बंद. या जुलैत म्हणून घरातच सायकल चालवायला हॉलमध्ये रोलर मांडले. लोखंडी चौकट, तिच्यात तीन आडवे दंडगोल: दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या. सायकल कशालाही बांधलेली नसते.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना वेगळीच धास्ती. "चाक निसटलं तर गॅलरीतून थेट आमच्या अंगणात याल हो!"

नाही येणार. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला त्यांची गतिज ऊर्जा सुमारे २,८०० ज्यूल. रोलरवर मी जागच्या जागीच असतो, फिरतात ती फक्त चाकं आणि दंडगोल. दोन्ही चाकांत मिळून साधारण शंभर ज्यूल. फरशीला टायर लागला की एक किंकाळी आणि संपलं. पडतो तो आडवा.

आता आडवा का पडतो, किंवा का पडत नाही. दहावीतला भाचा म्हणाला, "मामा, चाक भोवऱ्यासारखं फिरतं, म्हणून सायकल उभी राहते ना?" हे बहुतेकांच्या डोक्यात असतं. मी म्हटलं, पट्टा काढून बघ. मागच्या दंडगोलाची गती एका रबरी पट्ट्यानं पुढच्या दंडगोलाला मिळते. तो काढला की मागचं चाक गरगरतं, पुढचं ढिम्म. आणि क्षणात तोल जातो.

यावर चाणाक्ष भाचा म्हणणारच, "बघ, पुढचा भोवरा थांबला!" बरोबर शंका. तिचं उत्तर डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं १९७० मध्येच दिलं होतं. त्यानं पुढच्या चाकाशेजारी जमिनीला न टेकणारं दुसरं चाक बसवलं आणि ते उलटं फिरवलं. भोवऱ्याचा परिणाम पुसला गेला, तरी त्याला ती सायकल चालवता आली. २०११ मध्ये कॉर्नेल आणि डेल्फ्टच्या संशोधकांनी तर हा परिणाम रद्द केलेली छोटी सायकल बनवली. ती स्वाराशिवाय स्वतःला सावरत गेली.

मग खरं कारण? तळहातावर उभा खराटा तोलून बघा. तो डावीकडे कलला की आपण हात डावीकडे नेतो, आधार पुन्हा वजनाखाली येतो. सायकलीत हेच काम हँडल करतं. डावीकडे कललात की हँडल किंचित डावीकडे. चाकं तिकडे सरकतात आणि तुमच्याखाली येतात. पण सरकायला चाक घरंगळत असावं लागतं. थांबलेलं चाक वळवलं तर टायर जागच्या जागी पीळ खातो, इतकंच. पट्ट्याचं रहस्य हे.

बाजूला सरकण्याचा वेग म्हणजे सायकलीचा वेग गुणिले हँडलच्या कोनाचा टॅन्जंट. ताशी ३० ला एक अंश वळवलं तर सेकंदाला सुमारे साडेचौदा सेंटिमीटर. दंडगोल ४० सेंटिमीटर रुंद, मध्यापासून कड २० वर. म्हणजे दीड सेकंदाच्या आत तुम्ही बाहेर! ताशी ५ ला तोच एक अंश जेमतेम अडीच सेंटिमीटर सरकवतो. हळू जाणाऱ्याला म्हणून मोठमोठे झोले द्यावे लागतात. मी भीतीपोटी आठवडाभर हळूच पायडल मारत होतो आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटत होतो. वेग वाढवला, हात सैल सोडले, नजर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवली, तेव्हा जमलं. दोन्हीकडे आधार मिळावा म्हणून रोलर दारात मांडायचे, हे मात्र पहिल्या दिवसापासून केलं. हँडलला लिंबू-मिरची बांधायचा सल्लाही मिळाला होता. अर्ध्या अंशाचा हिशेब लिंबाला कळत नाही.

"घरबसल्या घाम गाळा, पोट घटवा" या जाहिरातींचं तसंच. समोरून वारा येत नाही, त्यात पावसाळी दमट हवा. घाम सुकतच नाही, टपटप गळतो. ते पाणी असतं, चरबी नव्हे, दोन पेले प्यायलात की वजन परत. त्यापेक्षा समोर टेबलफॅन ठेवा.

काल पहिल्यांदा एका हातानं बाटली उचलली. परत ठेवताना खाली बघितलं, आणि पुन्हा चौकट.