अफूच्या देशात मॉर्फिनची वानवा

मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे अफूची बोंडं भरली की दुपारनंतर त्यांना बारीक चिरे देतात. रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून काढायचा आणि सगळाच्या सगळा सरकारला विकायचा, ही परवान्याची अट. याच चिकातून मॉर्फिन मिळतं. औषधासाठी हा चीक कायदेशीरपणे निर्यात करणारा देश आपलाच. आणि आपल्याच देशात कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण वर्षानुवर्षं मॉर्फिनविना तळमळत राहिले.

कर्करोग हाडांत उतरला की पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. मॉर्फिन मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या पेशींवरच्या ओपिऑइड (अफूसारख्या औषधांच्या) ग्राहींना जाऊन चिकटतं, त्यामुळे वेदनेचा संदेश वाटेतच क्षीण होतो. साधी गोळी दर चार तासांनी देतात, सुरुवात थोड्या डोसने. बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली, म्हणून पोट साफ होण्याचं औषध बरोबरच लिहून देतात. डोस बेताबेताने वाढवला तर श्वास मंदावण्याचा धोका आटोक्यात राहतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा रुग्णाला व्यसन लागण्याची शक्यताही कमीच.

मग घोडं कुठे अडलं? संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या अमली पदार्थांविषयीच्या करारात गैरवापर रोखा असं सांगितलंय, तसंच वेदनाशमनासाठी ही औषधं अपरिहार्य आहेत, ती पुरेशी मिळू द्या, असंही. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या कायद्याने औषधी वापराला मुभा ठेवली, पण जरब बसली ती किमान दहा वर्षांच्या कैदेची. रुग्णालयाला मॉर्फिन आणायला चार-पाच परवाने लागायचे, तेही एकाच वेळी मुदतीत असलेले. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असायची. रुग्णालयांनी नाद सोडला, दुकानदारांनी साठा ठेवणं बंद केलं. १९९७ साली अख्ख्या देशाचा वापर १८ किलोच्या आसपास आला होता. बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घट. सुक्याबरोबर ओलं जळालं.

अमेरिकेत कंपन्यांच्या आक्रमक जाहिरातबाजीमुळे ओपिऑइड गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली. त्यामुळे देखरेख हवीच, याबद्दल दुमत नाही. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली काढलेला हिशेब पाहा: वर्षाला जगभर वाटल्या जाणाऱ्या, मॉर्फिनच्या मापात सुमारे २९८ टन ओपिऑइडपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम १०० किलो येत होते. विनाकारण वेदना सोसायला लावणं ही क्रूर वागणूक ठरू शकते, असं संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिवेदकांनी २०१३ साली म्हटलं. मला ते शब्दशः पटतं.

केरळने वाट काढून दाखवली. कोझिकोडला १९९३ पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपशामक सेवा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करणारी सेवा, उभी केली, परवाने सुटसुटीत व्हावेत म्हणून सरकारचा पिच्छा पुरवला. अखेर २०१४ साली केंद्राने कायदा बदलला. आता मॉर्फिनसह सहा औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. तरी अनेक जिल्ह्यांत ती घेतलेलं रुग्णालय सापडत नाही, आणि जुन्या डॉक्टरांपैकी अनेकांनी शिकत असताना मॉर्फिन कधी हाताळलेलंच नसतं.

घरात असा रुग्ण असेल तर ‘हे रुग्णालय मॉर्फिनसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था आहे का?’ असं स्पष्ट विचारा. नसेल तर मान्यता कधी घेणार, हेही विचारा.