खडकावर रचलेली मंडळी

मराठी बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानात, येशू आपल्या पेत्र नावाच्या शिष्याला म्हणतो, ‘ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आपल्याकडे मंडळी येतात, बसतात, जेवतात, पांगतात. जुन्या वळणाच्या घरात ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ असं बायकोबद्दलही म्हणतात. पण मंडळी रचायची कशी? दगडविटा रचतात, माणसं थोडीच? इंग्रजी बायबलमध्ये त्या जागी ‘चर्च’ आहे. तिथे डोळ्यांपुढे आपोआप मनोरा आणि घंटा येते, आणि प्रश्न पडतच नाही. तो पडतो मराठीत, कारण मराठी भाषांतर मूळ ग्रीक शब्दाच्या जास्त जवळ आहे.

तो शब्द ‘एक्लेसिया’. त्याचा देवाधर्माशी मुळात काही संबंध नव्हता. अथेन्सचे नागरिक प्निक्स नावाच्या टेकडीवर जमून युद्ध, कर, कायदे यांवर हात वर करून मतं द्यायचे, ती सभा म्हणजे एक्लेसिया. काही ठरावांना किमान ६००० माणसं लागत. बायबलच्या नव्या करारातही हा साधा अर्थ एका ठिकाणी शिल्लक आहे. इफिस शहरात येशूचा प्रचारक पौल याच्या विरोधात दंगल होते, गर्दी नाट्यगृहात घुसते, बहुतेकांना आपण का जमलोय हेही ठाऊक नसतं. त्या गर्दीलाही लेखकाने एक्लेसियाच म्हटलं आहे!

मग हा चावडीवरचा शब्द उपासनेत कसा आला? वाट इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातून जाते. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून तिथल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी आपली हिब्रू शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. हिब्रूत ‘काहाल’ असा शब्द आहे, देवासमोर गोळा झालेला इस्राएलचा समाज. सिनाय पर्वताशी नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, मिळालं तो ‘काहालचा दिवस’. भाषांतरकारांनी काहालसाठी कधी ‘एक्लेसिया’ वापरलं, तर कधी ‘सिनागोगे’. दोन्हींचा अर्थ जमाव, मेळा. म्हणजे आज ज्या दोन शब्दांवरून ख्रिस्ती आणि यहुदी अशा दोन धर्मांच्या इमारती ओळखल्या जातात, ते एकाच हिब्रू शब्दाचे दोन तर्जुमे होते, आणि दोन्हींत इमारत नव्हती.

यहुदी उपासनेची इमारत खरं तर एकच, यरुशलेमचं मंदिर. तिथे रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू वेदीवर चढायचं. वेदी उघड्यावर, पुरोहित आत, लोक अंगणात. अगदी आतल्या खोलीत वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, फक्त प्रमुख याजक जायचा. गावोगावी जी सभास्थानं (सिनागोगे) होती त्यांचा बाज अगदीच वेगळा. गालील सरोवराजवळच्या गाम्ला आणि मग्दाला इथे पहिल्या शतकातली अशी सभास्थानं उत्खननात सापडली आहेत. मग्दालाचं तर २००९ मध्ये. भिंतींना लागून चहूबाजूंनी दगडी बाक, मधली जागा मोकळी. एकमेकांची तोंडं दिसतील अशी बैठक. ही ग्रामसभेची रचना आहे, गाभाऱ्याची नव्हे.

तिथे चालायचं काय, याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे यरुशलेममध्ये पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सापडलेला थिओडोटस नावाच्या माणसाचा शिलालेख. तो बहुधा इ.स. ७० च्या आधीचा मानतात. दहा ओळींचा ग्रीक मजकूर. थिओडोटस याजक आणि सभास्थानाचा प्रमुख, त्याचा बापही प्रमुख, आजाही प्रमुख. त्याने हे सभास्थान बांधलं ते नियमशास्त्राच्या वाचनासाठी आणि आज्ञा शिकवण्यासाठी. शिवाय परगावाहून येणाऱ्यांसाठी खोल्या आणि पाण्याची सोय. म्हणजे शाळा, वाचनालय आणि धर्मशाळा एकत्र. प्रार्थनेचा यात उल्लेखच नाही! प्रार्थना होत नसे असं नाही. इजिप्तमधले यहुदी अशा जागेला सरळ ‘प्रार्थना’च म्हणायचे. पण यरुशलेममध्ये मंदिर हाकेवर होतं, आणि सभास्थान मुख्यतः वाचायला-शिकायला. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने मंदिर जाळलं, बळी कायमचे थांबले. मग सकाळ-संध्याकाळच्या बळींच्या जागी सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना आल्या, आणि सभास्थानाचं वजन वाढत गेलं.

(इमारतीवाचून धर्म किती तग धरतो याचं उदाहरण आपल्या अलिबागकडेच आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले शनिवार तेली, पिढ्यान्‌पिढ्या सभास्थानाशिवाय राहिले. शनिवारची सुट्टी, सुंता आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना एवढ्यावर त्यांनी यहुदीपण टिकवलं. त्यांचं पहिलं सभास्थान मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं, आणि मराठीत त्याला नाव पडलं ‘मशीद’.)

आता पुन्हा ‘रचीन’कडे. मृत समुद्राकाठी कुमरान इथल्या गुहांत १९४७ पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत एका यहुदी पंथाचे ग्रंथ आहेत. एका फाटक्या तुकड्यात त्यांच्या गुरूबद्दल म्हटलंय की, देवाने त्याला आपली ‘सभा बांधण्यासाठी’ नेमलं. दुसरीकडे ते स्वतःच्या पंथालाच इस्राएलचं पवित्र घर म्हणतात. माणसांचं घर बांधणं ही त्या काळच्या यहुद्यांची रुळलेली भाषा होती. मत्तयाचं वाक्य त्याच भाषेत बसतं. मराठी भाषांतर विचित्र वाटतं ते चुकल्यामुळे नाही, तर बरोबर असल्यामुळे.

येशूचे पहिले अनुयायी सगळे यहुदीच. ते मंदिरात जात, आणि भाकर मोडायला घरोघरी जमत. पौलाची पत्रं इ.स. ५० च्या सुमाराची, आपल्याकडचं सर्वांत जुनं ख्रिस्ती लेखन. त्यांत ‘प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरची मंडळी’ असे निरोप आहेत. याकोबाच्या पत्रात तर ख्रिस्ती मेळ्यालाच ‘सिनागोगे’ म्हटलंय, इतकी सीमारेषा पुसट. या मंडळींचं मुख्य कर्म म्हणजे जेवण, आणि जेवण म्हटलं की मानापमान आलेच. करिंथ शहरातल्या मंडळीला पौल खरमरीत लिहितो: तुमच्यात एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. कारण निम्मं वास्तूतही असावं. रोमन घरातल्या भोजनदालनात रेलून बसायला साधारण नऊ जणांची जागा. उरलेले बाहेर अंगणात. पंक्तीप्रपंच कुठला नाही?

ही उपासना सभास्थानातून जशीच्या तशी उचलली, असं पूर्वी सर्रास लिहिलं जायचं. मला ते जरा सोपं वाटतं. त्या काळी सभास्थानाचा विधी अजून घट्ट झालेलाच नव्हता. दोघी बहिणी एकाच घरात वाढत होत्या. पण खुणा लपत नाहीत. आमेन, हालेलूया हे शब्द हिब्रू. स्तोत्रं तीच. ‘दिदाखे’ नावाच्या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत सांगितलंय की ‘ते ढोंगी’ (म्हणजे यहुदी) सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. वेगळेपण दाखवायची धडपड बघा, वार बदलला, उपास तसाच! इ.स. १५० नंतर थोड्याच वर्षांनी रोममध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की, रविवारी सगळे एकत्र येतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचतात, मग प्रमुख बोलतो, मग प्रार्थना, भाकर, द्राक्षारस. पहिला अर्धा भाग थिओडोटसला परका वाटला नसता.

आणि जागा? ती सापडली सीरियात, युफ्रेटिसच्या काठी, दुरा-युरोपस इथे. इ.स. २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेचा वेढा पडणार हे दिसताच रोमन शिपायांनी तटाला आतून बळकटी म्हणून लगतचा रस्ता आणि घरं मातीने भरून टाकली. शहर पडलं ते कायमचं. ती घरं मात्र मातीत जपली गेली. १९३० च्या दशकात खोदकामात एक साधं घर निघालं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे १३ मीटर लांब, ५ मीटर रुंद दालन केलेलं, साठ-सत्तर माणसं मावतील एवढं. बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, आणि भिंतीवर मेंढपाळ, पाण्यावर चालणारा येशू. बाहेरून मात्र शेजारच्या घरासारखंच घर. त्याच तटालगतच्या रस्त्यावर १९३२ मध्ये सभास्थान निघालं, तेही मुळात घरच. पण ते इ.स. २४४-२४५ मध्ये थाटात वाढवलेलं, आणि भिंती जमिनीपासून वरपर्यंत मोशे, एस्तेर, एलीया यांच्या चित्रांनी भरलेल्या. यहुदी चित्रं काढतच नसत हा समज तिथेच गळून पडला.

शब्द हळूहळू माणसांवरून भिंतींवर सरकत होता. इ.स. २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती पंडित क्लेमेंट बजावतो की, मी एक्लेसिया म्हणतो ते जागेला नव्हे, निवडलेल्यांच्या मेळ्याला. कोणी तरी जागेला म्हणू लागलं असल्याशिवाय असं बजावावं लागत नाही. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने खजिना उघडला, तेव्हा नमुना निवडला तो देवळाचा नाही, ‘बॅसिलिका’चा, म्हणजे न्यायनिवाड्याच्या आणि बाजाराच्या सार्वजनिक दालनाचा. रोमन देऊळ मूर्तीचं घर, लोक बाहेर वेदीपाशी. इथे लोकांनाच आत बसायचं होतं. त्या इमारतीला ग्रीकमध्ये ‘कुरियाकोन’, प्रभूचं घर, असंही म्हणत. त्यातून पुढे ‘चर्च’ आला. आणि एक्लेसिया लॅटिनमधून पोर्तुगीजांच्या ‘इग्रेजा’त गेला, तिथून गोव्याची ‘इगर्ज’ झाली. अथेन्सची टेकडीवरची सभा अशी मांडवीकाठी पांढऱ्या भिंतींची वास्तू होऊन उभी राहिली.

भिंती वेगळ्या झाल्या तरी माणसं लगेच झाली नाहीत. इ.स. ३८६-३८७ मध्ये अँटिओक शहरात योहान क्रिसोस्टम हा उपदेशक स्वतःच्याच श्रोत्यांवर जळजळीत प्रवचनं देत होता, कारण रविवारी त्याच्यापुढे बसणारे लोक यहुदी सणांना शिंग ऐकायला सभास्थानात जात होते. त्यातल्या एकाची गोष्ट तो चिडून सांगतो. तो गृहस्थ ख्रिस्ती, एका ख्रिस्ती बाईला जबरदस्तीने सभास्थानाकडे नेत होता. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, व्यवहाराची शपथ घ्यायची आहे. तिथे घेतलेली शपथ जास्त कडक असते असं लोक सांगतात.