आठ भोकं, एक सुई आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा

व्हिजिटिंग कार्डं नीट लावायची म्हटलं की बहुतेकांना एकच पद्धत सुचते: आडनावाप्रमाणे अकारविल्हे. हीच शास्त्रशुद्ध पद्धत, असा एक पक्का समज आहे. तो चुकीचा आहे. अकारविल्हे रचना कामाला येते ती शोधणाऱ्याला नाव ठाऊक असेल तेव्हा, आणि कार्ड आपण शोधायला निघतो ते मुळी नाव आठवत नाही म्हणून. आठवत असतं ते एवढंच, की तो नाशिकच्या कृषी प्रदर्शनात भेटला होता, ठिबकचे पाइप विकायचा आणि बोलताना कानडी हेल काढायचा.

हा आपल्या स्मरणशक्तीचा दोष नाही, ती अशीच चालते. 1987 साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. काही शब्द मुद्दाम असे निवडले की तो कुणाचं आडनाव असेल, तर दुसऱ्या कुणाचा व्यवसाय. तोच शब्द व्यवसाय म्हणून कळला की लक्षात राहायचा आणि आडनाव म्हणून कळला की निसटायचा. आपल्याकडे 'सुतार' घ्या. माणूस सुतारकाम करतो म्हटल्यावर रंधा, भुसा, फेव्हिकॉलचा वास असं बरंच काही सोबत येतं. आडनाव सुतार म्हटल्यावर सोबत काहीच येत नाही. त्याआधी 1973 मध्ये एंडेल टुल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी दाखवून दिलं होतं की, एखादी गोष्ट मनात नोंदली जाताना सोबत जे काही असतं, तेच पुढे ती आठवायला सगळ्यात जास्त मदत करतं. म्हणजे कार्डांची रचना भेटीच्या आठवणीवर बेतायला हवी, आणि ती आठवण ज्याची त्याची वेगळी असते.

त्यात आपली कार्डं बहुधा इंग्रजीत. एकच चौधरी रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिला जातो. त्यावर कडी म्हणजे अंकशास्त्राच्या नादानं नावात घुसडलेली जादा अक्षरं. नावातल्या अक्षरांना आकडे देऊन, त्यांची बेरीज 'शुभ' आली की धंदा वाढतो, याला कसलाही पुरावा नाही. वर ते कार्ड अकारविल्हे गठ्ठ्यात भलत्याच जागी जाऊन बसतं.

खरी अडचण आणखी खोल आहे. कागदाचा तुकडा एका वेळी एकाच जागी राहू शकतो. गावाप्रमाणे लावलात तर व्यवसाय विखुरतात, व्यवसायाप्रमाणे लावलात तर गावं. ग्रंथालयांना हा प्रश्न फार आधी भेडसावला. शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1933 साली मद्रासहून प्रसिद्ध केलेल्या कोलन वर्गीकरणात एका विषयाचे अनेक पैलू सुटे करून मांडायची सोय केली, पण पुस्तक शेवटी एकाच फळीवर उभं राहतं.

यातून सुटण्याची जी युक्ती मला अतिशय प्रिय आहे, ती विसाव्या शतकाच्या मध्यावर जगभरच्या प्रयोगशाळांत आणि कचेऱ्यांत वापरात होती. अमेरिकेत ती 'कीसॉर्ट' आणि ब्रिटनमध्ये 'कोप-चॅट' या नावानं विकली जायची. कार्डाच्या कडेनं ओळीनं भोकं पाडायची. प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर भोक आणि कड यांच्यामधला कागद कापून खाच करायची; 'नाही' असेल तर भोक तसंच ठेवायचं. मग गठ्ठा जुळवून हव्या त्या भोकातून विणकामाची सुई घालायची आणि उचलून हलकेच झटकायचा. 'नाही'वाली कार्डं सुईवर लटकून राहतात, 'हो'वाली खाली पडतात.

एकाच वेळी दोन भोकांतून दोन सुया घातल्या, तर दोन्ही ठिकाणी खाच असलेलंच कार्ड पडतं: नाशिकला भेटलेला *आणि* पाइप विकणारा. पहिल्या सुईनं पाडून उरलेल्यांत दुसरी घातली, तर दोन्ही वेळचे पडलेले मिळून 'हा *किंवा* तो'. आणि सुईवर राहिले ते 'नाही'वाले. संगणकाच्या तर्कशास्त्रातल्या तिन्ही मूळ क्रिया वीज न वापरता हातात येतात. आणि गठ्ठा आधी कसाही पिसलेला असला तरी चालतो.

आता दुसऱ्या कडेकडे वळू. तिथल्या आठ भोकांना 1, 2, 4, 8 असे 128 पर्यंत भाव द्या. खाचांच्या भावांची बेरीज म्हणजे त्या कार्डाचा क्रमांक. 0 ते 255 पर्यंत सगळे आकडे बसतात. कार्ड मिळालं त्या क्रमानं नंबर द्या. गठ्ठा कितीही विस्कटला तरी आठ वेळा सुई घालून तो पुन्हा तारीखवार लागतो. कसा ते पाच कार्डांवर पाहा. क्रम आहे 5, 2, 7, 4, 1. सुई '1'च्या भोकात: 5, 7, 1 पडतात. त्यांचा आपसातला क्रम न मोडता ती मागे ठेवा. झाला 2, 4, 5, 7, 1. सुई '2'च्या भोकात: 2 आणि 7 पडतात, मागे जातात. झाला 4, 5, 1, 2, 7. सुई '4'च्या भोकात: 4, 5, 7 पडतात. झाला 1, 2, 4, 5, 7. कुठल्याही दोन कार्डांची तुलना आपण केलीच नाही! गोम सगळी 'आपसातला क्रम न मोडता' यात आहे. आधीच्या फेरीत लागलेली रचना पुढची फेरी जपते, म्हणून लहान भावापासून सुरुवात करायची. उलट क्रमानं गेलात तर सगळं फिसकटतं. संगणकशास्त्रात याला रॅडिक्स सॉर्ट म्हणतात.

अमेरिकेतल्या कॅल्विन मूअर्स यांनी 1940च्या दशकात याच्याही पुढे मजल मारली. एका भोकाला एक प्रश्न न देता त्यांनी प्रत्येक विषयाला यादृच्छिक निवडलेल्या काही खाचांचा नमुना दिला आणि एकाच कार्डावर अनेक नमुने एकावर एक कोरले. शोधताना त्या विषयाच्या नमुन्यातल्या सगळ्या भोकांत सुया घालायच्या. दुसऱ्या नमुन्यांच्या खाचा योगायोगानं त्याच जागी आल्या, तर नको असलेलं कार्ड चुकून पडू शकतं, हवं असलेलं मात्र कधीच सुटत नाही. कार्डावरच्या निम्म्या जागी खाचा असतील आणि नमुना चार खाचांचा असेल, तर चुकून पडण्याची शक्यता ½ चा चौथा घात, म्हणजे 16 त 1. बर्टन ब्लूम यांनी 1970 साली मांडलेल्या आणि आज मोठमोठ्या डेटाबेसमध्ये एखादी नोंद आहे का हे झटपट तपासायला वापरल्या जाणाऱ्या ब्लूम फिल्टरचं तत्त्व हेच. 'कृत्रिम बुद्धिमत्तेनं तुमची कार्डं लावून देऊ' असं सांगणाऱ्या अ‍ॅपच्या जाहिराती पाहताना हे लक्षात असू द्यावं. अ‍ॅप छापलेलं सगळं वाचेल, पण तो माणूस तुम्हाला का लक्षात राहिला हे कार्डावर छापलेलं नसतं.

म्हणून प्रश्न आपले आपण ठरवायचे. माझ्या आठांत 'प्रवासात भेटला?', 'स्वतः दुरुस्ती करतो की नुसता विकतो?', 'त्याचं काही मी खाल्लंय?' असे प्रश्न आहेत. नियम एकच: प्रश्नानं गठ्ठ्याचे शक्यतो निम्मे भाग पडले पाहिजेत. तुमच्या 200 कार्डांतली 180 पुण्याची असतील, तर 'पुण्याचा आहे का?' हा प्रश्न, माहिती कशी मोजायची हे सांगणाऱ्या क्लॉड शॅनन यांच्या 1948च्या मापानं, अर्धा बिटही माहिती देत नाही (बरोबर निम्मे भाग पाडणारा हो-नाहीचा प्रश्न देतो ती माहिती म्हणजे एक बिट). उलट प्रत्येक प्रश्न निम्मे भाग पाडत असेल आणि प्रश्न एकमेकांशी बांधलेले नसतील, तर आठ सुयांत 256 कार्डांमधून एक निवडता येतं.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडं. कार्डाची लांबी साधारण 9 सेंटिमीटर असते. एकेक सेंटिमीटरवर मध्य धरून, ऑफिसातल्या एकभोकी पंचनं आठ भोकं आरामात बसतात. कडेपासून अंतर सगळीकडे सारखं हवं, त्यासाठी पुठ्ठ्याचा एक साचा आधी करून घ्या. छापील मजकूर भोकात जात असेल, तर कार्ड थोड्या मोठ्या जाड कागदावर चिकटवा आणि भोकं त्या कागदाला पाडा. प्रत्येक कार्डाचा उजवा वरचा कोपरा छाटा, म्हणजे उलटं लागलेलं कार्ड लगेच दिसतं. चुकून पडलेली खाच चिकटपट्टीनं बुजवता येते, पण तिथं कार्ड अडकतं, म्हणून उत्तर बदलू शकेल असा प्रश्न भोकाला देऊच नये. लॅमिनेशनची गुळगुळीत कार्डं एकमेकांना चिकटून राहतात, ती फणी फिरवल्यासारखी बोटानं मोकळी करावी लागतात. आणि एका वेळी पन्नासच कार्डं घ्यावीत. त्यांची जाडी पावणेदोन-दोन सेंटिमीटर होते, तेवढ्यात सुई वाकत नाही.