प्रीतिभोजन

प्रीतिभोजन : ख्रिस्ती मंडळीने बंधुभावाने एकत्र बसून घेतलेले जेवण. मूळ ग्रीक शब्द ‘अगापे’ म्हणजे प्रेम. त्याचे अनेकवचन नव्या करारातील यहूदाच्या पत्रात (वचन १२) जेवणाच्या अर्थाने आले आहे, आणि मराठी बायबलात तेथे ‘प्रीतिभोजन’ हाच शब्द योजलेला आहे. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपासनेनंतरच्या सामुदायिक जेवणाला आज सर्रास हे नाव देतात. तो अर्थ परिचित असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत मुख्यतः प्राचीन प्रथा, तिचा प्रभुभोजनाशी (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीशी) संबंध आणि तिची पुढील वाटचाल यांचा विचार केला आहे.

प्रथेचा सर्वांत जुना उल्लेख एका तक्रारीत सापडतो. प्रेषित पौलाने सु. ५३–५५ या काळात ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (११:१७–३४) तेथील जेवणाबद्दल कानउघाडणी आहे : तुम्ही एकत्र जमता, पण जो तो आपापले जेवण उरकतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. मराठीत ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतात तोच हा प्रकार. त्याला उत्तर देताना पौल येशूच्या शेवटच्या भोजनाची हकिकत सांगतो, आणि प्रभुभोजनाच्या स्थापनेचा सर्वांत जुना लिखित वृत्तांत तो हाच. करिंथच्या त्या गरिबांपैकी कोणाचेही नाव मागे राहिले नाही. परंतु ते पंगतीतून अर्धपोटी उठले म्हणून हा वृत्तांत लिहिला गेला, ही गोष्ट प्रस्तुत विषयात विसरता येण्याजोगी नाही.

या उताऱ्यातील दोन क्रियापदांवर बराच वाद आहे. एकविसाव्या वचनातील ‘प्रोलाम्बानेइ’ या रूपाचा ‘आधी घेतो’ असा अर्थ केला, तर सधन सभासद लवकर येऊन जेवत आणि दिवसभर राबणारे मजूर व गुलाम उशिरा पोहोचत, असे चित्र उभे राहते. तेहतिसाव्या वचनातील ‘एकदेखेस्थे’ मग ‘एकमेकांसाठी थांबा’ असे होते. उलट पहिल्या रूपातील उपसर्गाला कालवाचक न मानता ‘खाऊन टाकतो’ एवढाच अर्थ घेतला, तर सर्व जण एकाच वेळी बसलेले असून प्रत्येकाने आपली शिदोरी आपल्यापुरती ठेवलेली आहे, आणि दुसऱ्या क्रियापदाचा अर्थ ‘एकमेकांचे स्वागत करा, एकमेकांना सामावून घ्या’ असा होतो. मराठी भाषांतरे सामान्यतः पहिल्या अर्थाकडे झुकतात. दोन्ही अर्थ व्याकरणाला धरून आहेत. तथापि ‘आपापले जेवण’ ही शब्दयोजना पाहता दुसरा अर्थ अगदीच दुर्बळ मानता येत नाही.

नव्या कराराचे जर्मन अभ्यासक गेर्ट टाइसेन यांनी १९७०च्या दशकात या भांडणाचे मूळ धर्ममतांत न शोधता मंडळीतील सामाजिक विषमतेत शोधले. जेरोम मर्फी-ओकॉनर यांनी त्याला वास्तुशास्त्रीय पुरावा जोडला : रोमन घरातील भोजनगृहात, म्हणजे त्रिक्लिनियममध्ये, प्रथेप्रमाणे नऊ जण पहुडून जेवत, त्यामुळे यजमानाचे मित्र आत आणि उरलेले सभासद अंगणवजा दालनात बसत असावेत. या मांडणीचा प्रभाव मोठा आहे. मात्र तिचा आधार असलेले करिंथजवळचे घर पौलाच्या काळातील त्याच स्वरूपाचे होते का, याबद्दल नंतर शंका घेतल्या गेल्या, आणि आरंभीच्या मंडळ्या भाड्याच्या खोल्यांत किंवा कारागिरांच्या कार्यशाळांतही जमत असाव्यात, असे मत पुढे आले. टाइसेन यांचे मुख्य प्रतिपादन त्यामुळे बाधित होत नाही.

प्रीतिभोजनाचे मूळ कोणत्या प्रथेत आहे, याविषयीही मतभेद आहेत. ज्यू धर्मातील भाकर मोडून आशीर्वाद म्हणण्याची रीत, मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील ज्यू पंथाची सामुदायिक भोजने आणि ग्रीक-रोमन जगातील व्यावसायिक व धार्मिक संघांच्या मेजवान्या अशी तीन उगमस्थाने सुचवली गेली आहेत. अलीकडील अभ्यासक, विशेषतः मथियास क्लिंगहार्ट व डेनिस स्मिथ, भूमध्य समुद्राभोवतीच्या सर्वच समाजांत समान असलेल्या संध्याभोजनाच्या घाटावर भर देतात : आधी जेवण, मग पेयपान व संवाद-गायन. हा विचार अधिक ग्राह्य वाटतो, कारण त्यात ज्यू की ग्रीक असा पेच उरत नाही.

प्रीतिभोजन आणि प्रभुभोजन हे एकच होते की दोन, हा खरा वादाचा मुद्दा. परंपरागत मत असे की आरंभी दोन्ही जोडलेले असत आणि करिंथसारख्या गैरप्रकारांमुळे लवकरच विधी सकाळी व जेवण संध्याकाळी अशी फारकत झाली. जे. एफ. कीटिंग यांनी १९०१ मध्ये हे मत विस्ताराने मांडले. त्याच सुमारास फ्रेंच पंडित प्येर बातिफोल यांनी पहिल्या दोन शतकांत स्वतंत्र अगापे नव्हतेच, असा टोकाचा आक्षेप घेतला. हान्स लिट्समान यांनी १९२६ मध्ये प्रभुभोजनाचेच दोन मूळ प्रकार कल्पिले : यरुशलेममधील आनंदाचे सहभोजन आणि पौलाच्या मंडळ्यांतील मृत्यूचे स्मरण. ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथाच्या नवव्या व दहाव्या प्रकरणांतील प्रार्थना हा या वादाचा कसोटीचा दगड आहे. तेथे आधी प्याला व मग भाकर असा क्रम आहे, शेवटच्या भोजनाचा उल्लेख नाही, आणि ‘तृप्त झाल्यावर’ आभार मानायला सांगितले आहे. तरीही त्या जेवणाला ‘यूखारिस्त’ (आभारप्रदर्शन; प्रभुभोजनाचे रूढ ग्रीक नाव) असेच म्हटले आहे. म्हणून काहींनी ते प्रीतिभोजन ठरवले, काहींनी प्रभुभोजन. अँड्र्यू मॅकगोवन आणि पॉल ब्रॅडशॉ यांच्या मते हा प्रश्नच नंतरच्या काळाचा आहे : पहिल्या दोन शतकांत पोटभर जेवण हाच विधी होता आणि त्याला ठिकाणपरत्वे वेगवेगळी नावे होती. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते.

या पुराव्यात अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याचे स्मर्नाकरांना लिहिलेले पत्र प्रथम येते (पारंपरिक काळ सु. ११०, काहींच्या मते बराच नंतरचा). बिशपावाचून बाप्तिस्मा देऊ नये किंवा अगापे करू नये, असे त्यात आहे. येथे अगापे हा शब्द प्रभुभोजनालाच उद्देशून असण्याचा संभव आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील (२:१३) उल्लेख पाठभेदामुळे संशयित ठरतो : व्हॅटिकन हस्तलिखितात ‘अगापाइस’ (प्रीतिभोजनांत) असे आहे, तर इतर महत्त्वाच्या प्रतींत ‘आपाताइस’ (कपटांत) असे. ग्रीक लिपीत दोन्ही शब्द दिसायला जवळचे असल्याने लेखनिकाची चूक कोणत्याही दिशेने झालेली असू शकते.

रोमन अधिकारी धाकटा प्लिनी याने सु. ११२ मध्ये बिथिनियाहून सम्राट ट्रेजनला पाठवलेले पत्र बाहेरच्या माणसाची साक्ष म्हणून मोलाचे आहे. ख्रिस्ती लोक ठराविक दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला उद्देशून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन अन्न घेतात. ते अन्न साधे व निरुपद्रवी असते, असे त्याने नोंदवले आहे. अशा जमावांवर बंदी आल्यावर हे भोजन त्यांनी सोडले होते. ही माहिती पडताळण्यासाठी प्लिनीने मंडळीत सेविका म्हणून काम करणाऱ्या दोन दासींचा छळ केला. ‘साधे अन्न’ असे मुद्दाम लिहिण्याचे कारण म्हणजे ख्रिस्ती लोक गुप्तपणे नरमांस खातात, अशी तेव्हा वदंता होती.

सर्वांत सविस्तर वर्णन कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याच्या ‘अपोलोजेतिकुम’ या ग्रंथाच्या ३९व्या प्रकरणात आहे (सु. १९७). ‘आमच्या जेवणाचे नावच त्याचे स्वरूप सांगते’ अशा अर्थाने आरंभ करून तो क्रम देतो : प्रार्थनेआधी कोणी बसत नाही, भुकेपुरते खातात, मर्यादेने पितात, रात्री देवाची भक्ती करायची आहे याची जाणीव ठेवून, हात धुऊन दिवे आणल्यावर प्रत्येकाला शास्त्रातले किंवा स्वतःचे गीत म्हणायला बोलावतात, शेवट पुन्हा प्रार्थनेने. त्याच प्रकरणात तो मंडळीच्या पेटीचा हिशेबही सांगतो : सभासद महिन्याला ऐपतीप्रमाणे स्वेच्छेने देतात आणि तो पैसा गरिबांचे अन्न व दफन, अनाथ मुले, थकलेले वृद्ध, जहाज फुटून निराधार झालेले लोक यांच्यासाठी खर्च होतो. जेवण आणि ही पेटी एकाच श्वासात सांगितली आहेत, यावरून प्रीतिभोजन ही केवळ उपासनेची पुरवणी नव्हती. शेजाऱ्याशी, विधवेशी, गुलामाशी रोज कसे वागावे याचा तो सराव होता, असे म्हणता येते. पुढे कडव्या माँटेनस पंथाकडे वळल्यावर याच टर्टुलियनने इतर ख्रिस्ती लोकांचे अगापे हंड्यांत उकळते, अशी टीका केली. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनेही थाटाच्या मेजवान्यांना हे पवित्र नाव देणाऱ्यांचा निषेध केला आहे.

तिसऱ्या शतकात चित्र बदलते. कार्थेजचा बिशप सिप्रियन सांगतो की संध्याकाळच्या जेवणाला सगळ्या मंडळीला बोलावणे शक्य नसते, म्हणून विधी सकाळी. म्हणजे फारकतीचे कारण गैरप्रकारांइतकेच वाढती संख्या हेही होते. हिप्पोलिटसच्या नावावरील ‘प्रेषितीय परंपरा’ या संहितेत विधवांना जेवू घालण्याचे व जेवणातील वाटा घरी पाठवण्याचे नियम आहेत. मात्र तिचा काळ व कर्तृत्व आता अनिश्चित मानले जाते. चौथ्या शतकात यजमान श्रीमंत दाता आणि पाहुणे गरीब असे स्वरूप येऊन अगापे ही जवळजवळ दानाची संज्ञा बनली. गांग्रा येथील परिषदेने (सु. ३४०) प्रीतिभोजनाला तुच्छ मानून निमंत्रण नाकारणाऱ्यांचा निषेध केला, तर लाओदिकीया येथील परिषदेने (सु. ३६३) चर्चमध्ये ते करण्यास बंदी घातली. कार्थेजच्या ३९७च्या परिषदेने चर्चमधील जेवणावळींवर निर्बंध आणले. इ. स. ६९२च्या त्रुल्लो परिषदेला तीच बंदी पुन्हा घालावी लागली, यावरून लोक ती सहजी पाळत नसावेत.

हुतात्म्यांच्या व आप्तांच्या थडग्यांपाशी होणारी भोजने ही याचीच शाखा की रोमन श्राद्धभोजनाचा अवशेष, हे ठरवणे कठीण. रोममधील मार्सेलिनस व पीटर यांच्या भुयारी दफनभूमीतील भित्तिचित्रांत जेवणाऱ्यांच्या वर ‘आयरीन, गरम पाणी दे’, ‘अगापे, मिसळ’ अशा आशयाची अक्षरे आहेत. या वाढणाऱ्या स्त्रिया की शांती व प्रेम यांची रूपके, याचा निर्णय झालेला नाही. ऑगस्टीनने ‘कबुलीजबाबा’त (६.२) आपल्या आईची आठवण दिली आहे : मोनिका आफ्रिकेतील रीतीप्रमाणे लापशी, भाकर व द्राक्षारस घेऊन मिलानमधील स्मारकांकडे गेली, दारावरील माणसाने अडवले, बिशप अँब्रोझची तशी आज्ञा आहे हे कळताच तिने ती मुकाट्याने मानली आणि पुढे जमेल तेवढे गरिबांना दिले. ऑगस्टीनने स्वतः सु. ३९२ मध्ये कार्थेजच्या बिशपाला अशी सूचना केली की थडग्यांवरचे अन्न तेथेच गरिबांना वाटावे.

मध्ययुगात ही प्रथा पश्चिमेत बहुतांशी लोपली. आधुनिक पुनरुज्जीवन जर्मन पंथांपासून सुरू होते. श्वार्झेनाउ येथे १७०८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रदरेन पंथाने पाय धुणे, जेवण, पवित्र चुंबन आणि प्रभुभोजन असा सलग विधी बसवला. हेर्नहूटच्या मोरेव्हियन मंडळींत १३ ऑगस्ट १७२७च्या प्रभुभोजनानंतर लोक घरोघरी थांबून बोलत राहिले आणि काउंट त्सिंत्सेनडोर्फने त्यांना आपल्या घरून जेवण पाठवले. तेथून त्यांची परंपरा धरतात. जॉन वेस्लीने ऑगस्ट १७३७ मध्ये अमेरिकेतील सव्हाना येथे या जर्मनांच्या प्रीतिभोजनात भाग घेतला आणि नंतर ते मेथडिस्ट समाजात आणले. तेथे साधा पाव किंवा केक, दोन कानांच्या पेल्यातून फिरणारे पाणी आणि सभासदांच्या साक्षी एवढेच असे.

भारतात एकत्र जेवणे हा पंथाचा नव्हे, जातीचा प्रश्न होता. तमिळ प्रदेशातील मंडळ्यांत बसण्याच्या जागा आणि प्रभुभोजनाची पाळी जातवार असे. बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये हे भेद ताबडतोब सोडण्याचा आदेश दिला आणि त्यावरून अनेक जण मंडळी सोडून गेले. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसाच्या हातचे अन्न हेच जातिबंधन तोडल्याचे चिन्ह ठरले. मुंबईच्या परमहंस सभेत (१८४९) प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील नुसत्या चहावरून ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभे राहिले आणि टिळक-रानडे यांच्यापर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न गेला. आतल्या बाजूची हकिकत लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळे-ओवळे सांभाळले. जातिभेद माणसांनी केला असे मनाला पटल्यावर त्यांनी सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये घेतला. पंगत आधी आणि विधी मागून, हा क्रम लक्षणीय आहे.

प्रीतिभोजनाचा सलग विधी बसवणाऱ्या वरील ब्रदरेन पंथाचे मिशनरी १८९४ मध्ये भारतात आले. वलसाडनंतर त्यांचे काम डहाणू, पालघर या मराठी भागातही पसरले. या मंडळ्या १९७० मध्ये उत्तर भारतीय चर्चमध्ये (सी. एन. आय.) विलीन झाल्या.

प्रीतिभोजन हे नाव नसलेल्या, पण त्याच्याशी जवळीक असलेल्या दोन घरगुती प्रथांचा निर्देश करावयास हवा. गोव्यातील कॅथलिक कुटुंबांत लग्नापूर्वी घरच्या दिवंगतांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालतात. कोंकणीत त्याला ‘भिकाऱ्यांचें जेवण’ म्हणतात. केरळातील सीरियन ख्रिस्ती पवित्र गुरुवारी रात्री घरी ‘पेसहा अप्पम’ ही बिनखमिराची भाकर मोडतात. घरातील वडीलधारी व्यक्ती ती वयाच्या क्रमाने वाटते, आणि ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे ती करत नाहीत, शेजारी व नातलग आणून देतात.